उन्हाळी सुटीतील वाचन आणि ग्रंथालयातील स्वयंसेवक

एप्रिलअखेर जे मूल धडा सरळ वाचत होते, तेच जूनमध्ये शाळा उघडल्यावर जोडाक्षरापाशी अडखळते, हा अनुभव प्राथमिक शाळेतील बहुतेक शिक्षकांस येतो. दीड महिन्यात मुलाची बुद्धी मंदावत नाही. तुटतो तो सराव. ज्या घरी वर्तमानपत्र येते, वडील माणसे वाचताना दिसतात, फळीवर गोष्टींची चार पुस्तके असतात, तेथे सुटीतही मुलाचा अक्षरांशी संबंध राहतो. ज्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, तेथे शाळेच्या दारास कुलूप लागले की वाचनही थांबते. जूनमध्ये ही दोन मुले पुन्हा एकाच बाकावर येऊन बसतात. परंतु त्यांच्यामधील अंतर वाढलेले असते, आणि ते भरून काढण्याचे काम शिक्षकाच्या वाट्यास येते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिका व इंग्लंड या देशांत तो फार पूर्वी लक्षात आला, आणि शाळा बंद असताना हे काम कोणी करावे, याचे उत्तर तेथे सार्वजनिक ग्रंथालयांनी दिले. सुटीत मुलांना ग्रंथालयात आणावयाचे, त्यांना आवडतील ती पुस्तके घेऊ द्यावयाची, आणि वाचून झाल्यावर त्यांच्याशी बोलावयाचे, असा हा साधा उपक्रम आहे. यातील शेवटचा भाग, म्हणजे मुलाशी बोलणे, हा बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक पार पाडतात. हा स्वयंसेवक काय करतो, त्याने काय करू नये, आणि त्याच्या असण्याने मुलाच्या वाचनात फरक का पडतो, हे समजून घेतल्यास आपल्या गावच्या वाचनालयातही असा उपक्रम थोड्या साधनांत चालवता येण्याजोगा आहे.

कल्पनेचा उगम

अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलंड नावाचे औद्योगिक शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे युरोपातून आलेल्या कामगारांची वस्ती मोठी होती, आणि त्यांच्या मुलांच्या घरी पुस्तके नसत. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख विल्यम ब्रेट व त्यांच्या सहकारी लिंडा ईस्टमन यांनी शाळांशी संबंध जोडला. १८९७ साली तेथे मुलांचा ‘लायब्ररी लीग’ नावाचा संघ स्थापन झाला. पुस्तक स्वच्छ हातांनी हाताळीन, त्याची पाने दुमडणार नाही, असे वचन देणारे मूल या संघाचे सभासद होई. पुस्तक जपण्याच्या निमित्ताने मूल ग्रंथालयात येऊ लागले, आणि तेथे आलेले मूल वाचू लागले. पुढील काही दशकांत सुटीतील वाचनाचे असे उपक्रम अमेरिकेतील गावोगावच्या ग्रंथालयांत सुरू झाले. आज तेथे उन्हाळी वाचन कार्यक्रम नसलेले सार्वजनिक ग्रंथालय क्वचितच आढळेल.

या उपक्रमांचा प्रत्यक्ष लाभ होतो काय, याची पद्धतशीर पाहणी बऱ्याच उशिरा झाली. बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ विदुषीने अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या सुमारे तीन हजार मुलांचा अभ्यास करून १९७८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सुटीत मुले जे जे करतात, त्यांपैकी त्यांच्या शिक्षणाशी सर्वांत निकटचा संबंध वाचनाचा आहे, असे त्यांना आढळले. किती पुस्तके वाचली आणि ग्रंथालयाचा उपयोग केला की नाही, या दोन गोष्टींचा परिणाम श्रीमंत व गरीब अशा दोन्ही घरांतील मुलांत दिसून आला. घरापासून ग्रंथालय किती दूर आहे, यावरही मुलाचे वाचन अवलंबून होते.

येथे एक सावधगिरी सांगणे इष्ट होय. सुटीत मुले नेमकी किती मागे पडतात, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. जुन्या चाचण्यांच्या मोजणीत दोष होते आणि गरीब व सुखवस्तू मुलांतील अंतर सुटीत वाढते हा निष्कर्ष प्रत्येक चाचणीत टिकत नाही, असे पॉल फॉन हिपेल यांच्यासारख्या संशोधकांनी अलीकडे दाखवून दिले आहे. मात्र सुटीतील वाचनाने वाचन सुधारते, या गोष्टीस त्यामुळे बाध येत नाही.

इंग्लंडमधील सहा पुस्तकांचा उपक्रम

ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालयांत १९९९ पासून दर उन्हाळ्यात ‘समर रीडिंग चॅलेंज’ नावाचा उपक्रम चालतो. ‘द रीडिंग एजन्सी’ ही संस्था ग्रंथालयांच्या सहकार्याने त्याची आखणी करते. तो मुख्यतः चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी असून त्यात भाग घेण्यास कोणतेही शुल्क नाही. इंग्लंडमधील शाळांना जुलैच्या अखेरीपासून सुमारे सहा आठवडे सुटी असते. तेवढ्या अवधीत मुलाने ग्रंथालयातील सहा पुस्तके वाचावीत, एवढीच अपेक्षा असते.

सहा हा आकडा विचारपूर्वक ठेवलेला दिसतो. मंद गतीने वाचणाऱ्या मुलास तो आवाक्यातील वाटतो. आणि एका खेपेस दोन पुस्तके नेली तरी सुटीत तीन-चार वेळा ग्रंथालयात यावे लागते. हे पुन्हा पुन्हा येणे हाच उपक्रमाचा गाभा आहे.

कोणते पुस्तक वाचावे, यावर बंधन नाही. गोष्टीचे, प्राण्यांच्या माहितीचे, विनोदाचे, कवितेचे, चित्रकथेचे, एवढेच काय, ध्वनिमुद्रित पुस्तकही चालते. लहान मुलास घरातील कोणी वाचून दाखवले, तरी ते त्याच्या खाती जमा होते. इयत्तेप्रमाणे पुस्तके वाटून दिलेली नसतात.

दरवर्षी उपक्रमास एक विषय असतो. २०१६ साली लेखक रोआल्ड डाल यांची जन्मशताब्दी होती, म्हणून त्यांच्या पुस्तकांतील पात्रे घेतली होती. २०२१ साली निसर्गरक्षण, २०२२ साली विज्ञान व शोध, २०२३ साली खेळ असे विषय होते. प्रारंभी मुलाच्या हाती एक घडीचा तक्ता देतात. पुस्तके वाचून आल्यावर त्यावर चिकटवण्यास स्टिकर मिळतात, आणि सहावे पुस्तक झाले की तक्त्यावरील चित्र पूर्ण होते. अखेरीस प्रशस्तिपत्रक व बहुतेक ठिकाणी लहानसे पदक देण्यात येते. एकेका उन्हाळ्यात काही लाख मुले या उपक्रमात भाग घेतात.

स्वयंसेवक कोण आणि तो काय करतो

एवढ्या मुलांशी एकेकट्याने बोलावयाचे तर ग्रंथपालास ते शक्य नाही. म्हणून ग्रंथालये सुटीपुरते स्वयंसेवक घेतात. त्यांत निवृत्त शिक्षक व गृहिणी असतात. परंतु मोठी संख्या असते ती तेरा-चौदा वर्षांपुढील शाळकरी मुलामुलींची. आठ वर्षांच्या मुलास चौदा वर्षांची ताई जवळची वाटते. ती परीक्षक नाही, हे त्यास न सांगता कळते. तिलाही यातून जबाबदारीने वागण्याचा व अनोळखी माणसाशी बोलण्याचा सराव होतो. यांतील कित्येक स्वयंसेवक स्वतः लहानपणी याच उपक्रमात पुस्तके वाचून गेलेले असतात.

काम सुरू होण्यापूर्वी स्वयंसेवकांस थोडक्यात प्रशिक्षण देतात. कपाटांची मांडणी, नाव नोंदवण्याची रीत, मुलांशी बोलण्याची पद्धत आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम एवढे विषय त्यात असतात. स्वयंसेवकाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसू नये, काम ग्रंथालयाच्या उघड्या जागेत व कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर चालावे, असा कटाक्ष असतो.

त्याचे दैनंदिन काम असे असते: नव्या मुलाचे नाव नोंदवणे, तक्ता देऊन उपक्रम समजावून सांगणे, पुस्तक शोधण्यास साहाय्य करणे, हस्तकलेच्या किंवा कथाकथनाच्या बैठकीची तयारी करणे, परत आलेली पुस्तके जागी लावणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाचून आलेल्या मुलाचे ऐकून घेणे. यांपैकी पहिली कामे कोणासही चटकन साधतात. शेवटचे काम साधावयास वेळ लागतो. म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे.

ऐकणारा माणूस का हवा

मुलांच्या हाती नुसती पुस्तके दिली तर पुरेसे होते काय? या प्रश्नावर अमेरिकेत काही प्रयोग झाले आहेत. जेम्स किम व टॉमस व्हाइट यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट केले होते. एका गटास सुटीत फक्त पुस्तके मिळाली. दुसऱ्या एका गटास पुस्तकांबरोबरच, वाचताना अर्थ कसा लावावा याचे पाठ शिक्षकांनी सुटीपूर्वी दिले, आणि घरातील कोणास तरी मोठ्याने वाचून दाखवण्यास सांगितले. सुटीनंतरच्या चाचणीत दुसरा गट, काहीच न मिळालेल्या मुलांच्या पुढे गेला. केवळ पुस्तके मिळालेल्या मुलांत तसा ठळक फरक आढळला नाही.

याच्या जोडीस दुसरा एक प्रयोग ध्यानात ठेवावा. रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅकगिल-फ्रान्झेन व त्यांचे सहकारी यांनी फ्लोरिडा राज्यातील सतरा शाळांतील गरीब मुलांना ओळीने तीन उन्हाळे, दर उन्हाळ्यास बारा पुस्तके दिली. ही पुस्तके मुलांनी स्वतः निवडली होती, आणि ती घरी ठेवून घेण्यासाठी होती. मुलांची निवड पाहून पुष्कळ शिक्षकांनी कपाळास आठ्या घातल्या असत्या. दूरचित्रवाणीवर व चित्रपटात दिसणाऱ्या ओळखीच्या व्यक्तींवरील पुस्तके त्यांत बरीच होती. तरीही तीन वर्षांअखेर या मुलांचे वाचन इतर मुलांहून सुधारलेले आढळले. या प्रयोगाचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला.

दोन्ही प्रयोग एकत्र ठेवले असता व्यवहारात उपयोगी पडेल असा बोध मिळतो. मुलास पुस्तक स्वतः निवडता आले पाहिजे, ही पहिली गोष्ट. आणि वाचलेल्याविषयी विचारणारे, ऐकणारे माणूस जवळ असले पाहिजे, ही दुसरी. शिकलेल्या घरात हे माणूस आई, आजोबा किंवा मोठे भावंड यांच्या रूपाने असते. ज्या मुलाच्या घरी तसे कोणी नाही, त्याच्यासाठी ग्रंथालयातील स्वयंसेवक ती जागा भरून काढतो. त्याच्या कामाचे मोल यात आहे.

विचारावे कसे

पुस्तक घेऊन आलेल्या मुलास पहिलाच प्रश्न ‘गोष्टीचे तात्पर्य सांग’ असा केला, की मूल वर्गात बसल्यासारखे सावध होते. पाठ केलेले एखादे वाक्य म्हणते आणि मोकळे होते. पुढच्या खेपेस ते येईलच, याची शाश्वती राहत नाही. याउलट ज्याचे उत्तर ठरलेले नाही, असा प्रश्न विचारला तर मूल बोलू लागते. नववीत शिकणारी एखादी मुलगी वाचनालयात बसली आहे आणि तिसरीतील मुलगा पुस्तक परत करण्यास आला आहे, असे समजू. त्यांचे बोलणे काहीसे असे होईल:

“काय रे, कोणतं वाचलंस?”

“हे, हत्तीचं.”

“मी नाही वाचलं अजून. काय आहे त्यात?”

“हत्ती विहिरीत पडतो.”

“अगं बाई! मग?”

“मग ताई, लोक वरून माती टाकतात. हत्ती मातीवर चढत चढत वर येतो.”

“तू तिथं असतास तर तुला सुचलं असतं हे?”

मुलगा थोडा थांबतो. “नाही. मी दोर आणला असता. पण दोर तुटला असता.”

या शेवटच्या उत्तरात मुलाने हत्तीचे वजन, दोराचे बळ आणि गावकऱ्यांची युक्ती यांची मनाशी तुलना केली आहे. आकलन तपासण्यासाठी याहून अधिक काही विचारण्याची आवश्यकता नाही. संभाषणास दोन मिनिटे लागली. ताईने चूक काढली नाही, उच्चार सुधारला नाही, आणि आपण ते पुस्तक वाचलेले नाही हे मोकळेपणाने सांगितले. त्यामुळे मुलाकडे तिला सांगण्याजोगे काही तरी होते.

प्रत्येक भेट इतकी सुरळीत होत नाही. नेहमी येणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. मूल ‘वाचले’ म्हणते, परंतु वाचलेले नसते. अशा वेळी त्यास खोटे ठरवू नये. “यातलं कोणतं चित्र तुला आवडलं?” असे विचारून ते पान उघडावे आणि तेथून दोन पाने दोघांनी मिळून वाचावीत. पुष्कळदा पुस्तक अवघड असते, हे त्यातून कळून येते. मग सोपे पुस्तक पुढे करावे.

२. वरच्या इयत्तेतील मुलास सरळ वाचता येत नाही, आणि लहानांची पुस्तके घेण्यास त्यास लाज वाटते. यासाठी पुस्तकांवर इयत्तांच्या चिठ्ठ्या लावू नयेत. “तुझ्या धाकट्या बहिणीला वाचून दाखव,” असे सांगून चित्रांचे पुस्तक दिल्यास ते मूल संकोच न करता घेते, आणि बहिणीस वाचून दाखवताना स्वतः शिकते.

३. मूल एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते. ते द्यावे. ओळखीचा मजकूर वाचताना गती येते व धीर वाढतो.

४. मूल काहीच बोलत नाही. आग्रह करू नये. स्वयंसेवकाने स्वतःच्या आवडीचे एखादे पान वाचून दाखवावे. काही मुले तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलू लागतात.

५. वडील माणूस मुलाऐवजी उत्तरे देते. त्यांचा मान राखून प्रश्न पुन्हा मुलाकडेच पाहून विचारावा.

बक्षिसाविषयी

स्टिकर व पदके यांमुळे मुलांना उत्साह येतो. परंतु बक्षिसाने वाचनाची गोडी मारली जाण्याचेही भय असते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत उद्‌बोधक आहे. बालवाडीतील ज्या मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांपैकी काहींना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगण्यात आले. पुढे बक्षीस नसताना ही मुले पूर्वीपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. ज्यांना असे आमिष दाखवले नव्हते, त्यांची आवड तशीच राहिली.

म्हणून बक्षीस लहान असावे, ते पूर्ण करणाऱ्या प्रत्येकास सारखेच मिळावे, आणि पहिला-दुसरा क्रमांक काढू नये. कोणी किती पुस्तके वाचली, याची यादी भिंतीवर लावली की पुढची मुले पाने उलटून आकडा वाढवतात आणि मागची मुले येणे बंद करतात. ज्या मुलांसाठी सारा खटाटोप करावयाचा, तीच मग गळतात. चार पुस्तके वाचून जे मूल थांबले, त्याचेही समारोपाच्या दिवशी नाव घेतले जावे.

आपल्या गावी काय करता येईल

सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा आपल्याकडे नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून आपल्या संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. तेथे मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी पाठवली जात. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावकऱ्यांच्या संस्थांनी चालवलेल्या हजारो वाचनालयांस त्यान्वये शासनमान्यता व अनुदान मिळत आले आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस शाळांतून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या एका दिवसाच्या उत्साहास सुटीतील सहा आठवड्यांची जोड मिळाल्यास त्याचा परिणाम टिकेल.

अडचण असते ती मूल आणि कपाट यांच्यामधील. वर्तमानपत्रे सर्वांस खुली असली, तरी पुस्तक घरी नेण्यासाठी बहुतेक वाचनालयांत अनामत रक्कम व वर्गणी भरावी लागते. मजुरी करणाऱ्या आईबापांस ती रक्कम जड वाटते. शिवाय मोठ्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत आपण जावे की नाही, असा संकोच काही वस्त्यांतील मुलांच्या मनात असतो. ऊसतोडणीसाठी गेलेली कुटुंबे हंगाम संपवून साधारणतः याच सुमारास गावी परततात. ज्यांची शाळा अर्धे वर्ष बुडाली, अशी त्यांची मुले सुटीत गावात असतात. त्यांना बोलावणे गेले नाही, तर ती आपण होऊन येणार नाहीत. म्हणून पहिले पाऊल शिक्षकाने उचलले पाहिजे. उपक्रमाची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल.

एप्रिलमध्ये वाचनालयाचे अध्यक्ष व ग्रंथपाल यांची भेट घ्यावी. सुटीपुरती मुलांची अनामत रक्कम माफ करावी किंवा शाळेच्या नावे एकच सामुदायिक सभासदत्व द्यावे, अशी विनंती करावी. पुस्तक हरवल्यास काय करावयाचे, हे आधीच ठरवून घ्यावे. एखादे पुस्तक फाटेल किंवा हरवेल, हे गृहीत धरलेले बरे. कपाटात न उघडता राहिलेले पुस्तकही एका अर्थी हरवलेलेच असते.

तीस मुलांनी प्रत्येकी सहा पुस्तके वाचली तर एकशे ऐंशी वेळा देवघेव होईल. साठ पुस्तके असली, तर प्रत्येक पुस्तक सरासरी तीन मुलांच्या हाती जाईल. साठ पुस्तके वाचनालयाचे कपाट व शाळेचा संग्रह मिळून बहुधा जमतात. कमी पडल्यास बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक उपयोगी पडतात. हे मासिक १९७१ पासून निघत आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकेही अल्प किमतीत मिळतात. जेथे वाचनालयच नाही, तेथे शाळेची ओसरी, समाजमंदिर किंवा पार चालेल. पुस्तकांची पेटी मात्र जाणत्या माणसाच्या ताब्यात असावी.

स्वयंसेवक म्हणून आठवी ते दहावीची मुलेमुली, गावी आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी व निवृत्त शिक्षक यांस बोलवावे. निरनिराळ्या वस्त्यांतील स्वयंसेवक निवडल्यास त्या त्या वस्तीतील मुले त्यांच्या सोबत येतात. त्यांची एक बैठक घेऊन मागे सांगितलेली विचारण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. एकाने मूल व्हावे, दुसऱ्याने ताई किंवा दादा व्हावे, म्हणजे चुका तेथेच दिसून येतात. दार उघडे असावे आणि कोणी तरी जबाबदार प्रौढ व्यक्ती सतत उपस्थित असावी, हा नियम आपल्याकडेही काटेकोरपणे पाळावा.

आठवड्यातून दोन दिवस, ऊन उतरल्यावर तासभर हे काम चालावे. प्रत्येक मुलास एक कार्ड द्यावे व त्यावर सहा चौकोन आखावेत. पुस्तक वाचून बोलणे झाले, की मुलाने त्या चौकोनात पुस्तकाचे नाव लिहून आवडलेले चित्र काढावे. बाजारातून स्टिकर आणण्याची गरज नाही. मामाच्या गावी जाणाऱ्या मुलाने दोन पुस्तके सोबत न्यावीत आणि परतल्यावर बोलावे. नोंदवहीत मुलाचे नाव, पुस्तक, तारीख आणि मुलाने सांगितलेले एखादे वाक्य, एवढी नोंद पुरे. जूनमध्ये वर्गशिक्षकांच्या हाती ही वही आली, तर कोणत्या मुलास कशाची आवड आहे आणि कोण कोठे अडते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळेल.

शिक्षकांनी एक मर्यादा मात्र ओळखावी. स्वयंसेवक हा ग्रंथपालाचा किंवा शिक्षकाचा पर्याय नव्हे. ब्रिटनमध्ये २०१० नंतर खर्चकपातीमुळे अनेक ग्रंथालये बंद झाली, काही केवळ स्वयंसेवकांवर सोपवण्यात आली, आणि त्याविरुद्ध लोकांनी तक्रार केली. पुस्तकांची निवड, जपणूक व खरेदी यांसाठी जाणते, वेतन मिळणारे माणूस लागतेच. स्वयंसेवकाने त्याच्या हातास हात लावावा, ही योग्य व्यवस्था होय.

समारोप

या उपक्रमास मोठी इमारत, निधी किंवा यंत्रसामग्री लागत नाही. साठ पुस्तके, एक वही, सतरंजी आणि ऐकण्याची तयारी असलेली पाच-सहा माणसे एवढ्यावर तो उभा राहतो. तीस मुलांपैकी वीस मुलांनी सहा पुस्तके पूर्ण केली नाहीत, तरी निराश होण्याचे कारण नाही. ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पुस्तक घरी नेले आणि ते आईस वाचून दाखवले, त्याच्या घरी वाचनाचा प्रवेश झाला, असे समजावे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते मूल जोडाक्षरापाशी कदाचित पुन्हा थांबेल. परंतु ते ओलांडले की पुढे गोष्ट आहे, हे त्यास ठाऊक झालेले असेल. येत्या सुटीपूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या वाचनालयाशी एकदा बोलून पाहावे.